टाळी वाजवण्याआधी



गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक पोस्ट आली. दशलक्षण पर्वातल्या कार्यक्रमासाठी आम्ही 'कर्तृत्ववान स्त्रिया' या विषयावर तक्ते करतो आहोत. प्रत्येकीने एक नाव सुचवायचं आणि चार ओळी लिहून आणायच्या. त्या पोस्टमध्ये एका इंग्रज बाईचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'जगात सर्वाधिक पगार घेणारी स्त्री. वडिलांच्या छोट्या दुकानापासून ऑनलाइन सेवा क्षेत्रातील साम्राज्यापर्यंत. नारीशक्तीला सलाम!' पाच मिनिटांत वीस-बावीस जणींनी हात जोडले, फुलं टाकली. एका वहिनींनी तर लिहिलं, 'हिचा तक्ता मी करते, रंगीत प्रिंट काढून आणते.'

मी लिहिलं, 'हे नाव नको. ही बाई जुगाराच्या धंद्यात आहे.'

त्यावर जे झालं ते तुम्ही ओळखलं असेलच. कुणी म्हणालं, काकू, आता काळ बदलला. कुणी म्हणालं, पुरुषाने केलं असतं तर तुम्ही बोलला नसता. एकीने मला खाजगीत विचारलं, 'तुम्हाला बाईचं मोठं झालेलं बघवत नाही का?' मोबाइलवर अंगठ्याने टाइप करून याचं उत्तर देणं मला जमेना. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी त्या बाईंबद्दल जे खरं आहे ते मान्य करते. त्यांचं नाव डेनिस कोट्स. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट या गावच्या. वडील पीटर कोट्स खाणकामगाराच्या घरातले, चौदा भावंडांत धाकटे. त्यांनी खानपानाचा व्यवसाय उभा केला आणि जोडीला सट्ट्याची काही दुकानं काढली. इंग्लंडमध्ये घोड्यांच्या शर्यतींवर, फुटबॉलवर पैसे लावण्याची दुकानं रस्त्यावर उघडपणे असतात, आपल्याकडे किराण्याची असावीत तशी. डेनिस शाळेत असल्यापासून त्या दुकानांत गल्ल्यावर बसायच्या. पुढे शेफिल्ड विद्यापीठातून अर्थमिती शिकून प्रथम वर्गात पास झाल्या आणि दुकानांचा कारभार हातात घेतला.

इंटरनेट नुकतं येत होतं. आता लोक दुकानात येणार नाहीत, दुकानच त्यांच्या घरात न्यावं लागेल, हे या बाईंनी फार लवकर ओळखलं. २००० साली त्यांनी ईबेवरून पंचवीस हजार डॉलरला 'बेट३६५' हे नाव विकत घेतलं. दुकानं बँकेकडे गहाण ठेवून दीड कोटी पौंडांचं कर्ज काढलं. गाड्या लावायच्या जागेत उभ्या केलेल्या पत्र्याच्या तात्पुरत्या केबिनमध्ये काम सुरू केलं आणि २००१ साली संकेतस्थळ चालू झालं. २००५ मध्ये सगळी जुनी दुकानं विकून टाकली आणि संपूर्ण भर ऑनलाइनवर दिला. आज ही कंपनी या धंद्यातल्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांमध्ये गणली जाते. मार्च २०२० ला संपलेल्या एका वर्षात बाईंनी ४२ कोटी १० लाख पौंड पगार घेतला. आपल्या हिशोबाने साधारण चार हजार कोटी रुपये. लाभांश वेगळा.

बुद्धी आहे, धाडस आहे, कष्ट आहेत. यातलं काहीही मी नाकारत नाही. पुरुषांच्या धंद्यात एका बाईने हे केलं, तेही मान्य. माझा प्रश्न एवढाच आहे की हे सगळं कशासाठी वापरलं?

पोस्टमध्ये 'ऑनलाइन सेवा क्षेत्र' लिहिलं होतं. कुणी 'गेमिंग' म्हणतं, कुणी 'क्रीडा मनोरंजन'. मैत्रिणींनो, दशलक्षणात आपण उत्तम सत्याचा एक अख्खा दिवस पाळतो. त्या सत्याची सुरुवात वस्तूला तिच्या नावाने हाक मारण्यापासून होते. याला आपल्या भाषेत जुगार म्हणतात. आपल्या लहानपणी कल्याण मटका चालायचा. टपरीवर आकडे घेणारा माणूस बसायचा. गल्लीतल्या बायका त्याच्या बायकोला हळदीकुंकवाला बोलवायलाही कचरायच्या. त्या बिचारीचा काय दोष, ते सोडा. पण त्या माणसाच्या कर्तृत्वाचा तक्ता कुणी मंदिराच्या हॉलमध्ये लावला असता का? फरक एवढाच की त्याच्याकडे वही होती आणि इथे संगणक आहे.

हा धंदा चालतो कसा, तेही समजून घ्या. आपल्या पोरांना समजावताना उपयोगी पडेल.

नाणेफेक घ्या. छाप की काटा, दोन्हीची शक्यता सारखी. न्यायाने बघितलं तर शंभर रुपये लावून जिंकणाऱ्याला दोनशे मिळायला हवेत. सट्टा घेणारा देतो एकशे नव्वद. एकाने छापावर शंभर लावले, दुसऱ्याने काट्यावर शंभर. जमा झाले दोनशे. जिंकणाऱ्याला एकशे नव्वद दिले, दहा गल्ल्यात राहिले. छाप पडो की काटा, घेणाऱ्याचे दहा कुठेही जात नाहीत. एखाद्या सामन्यात त्याचा अंदाज चुकतो, तोटाही होतो. पण वर्षभराच्या हजारो सामन्यांचा हिशोब मांडला की पारडं त्याच्याच बाजूला झुकतं. म्हणजे या खेळात जुगार खेळतो तो ग्राहक. मालक खेळत नाही, तो फक्त आकडेमोड करतो. वर आणखी एक गोष्ट. जो ग्राहक सारखा जिंकतो, त्याला जास्त पैसे लावू न देणं, त्याच्या खात्यावर मर्यादा घालणं ही या धंद्यात सर्रास चालणारी रीत आहे. हरणाऱ्याचं मात्र स्वागत असतं. माल विकत घेणाऱ्याचं नुकसान झालं तरच नफा होतो, असा दुसरा कुठला व्यापार तुम्हाला आठवतो का? आपण व्यापारी समाज आहोत. कापड विकणाऱ्याला वाटतं की गिऱ्हाइकाला कापड टिकावं, ते परत यावं. इथे गिऱ्हाईक हरलं पाहिजे, ही धंद्याचीच अट आहे.

कोट्सबाईंच्या कंपनीची खरी भरभराट झाली ती सामना चालू असताना लावायच्या सट्ट्यामुळे. पूर्वी माणूस सामन्याआधी एकदा पैसे लावायचा आणि निकालाची वाट बघायचा. मधल्या दोन तासांत तो निदान शुद्धीवर यायचा. आता पुढचा गोल कोण करणार, पुढचा कॉर्नर कुणाला मिळणार, टेनिसमधला पुढचा गुण कुणाचा, यावर दर मिनिटाला पैसे लावता येतात. हरल्यावर थांबून विचार करायला जी उसंत लागते, तीच काढून घेतली. आणि हे सगळं खिशातल्या मोबाइलवर, चोवीस तास, वर्षाचे ३६५ दिवस. कंपनीच्या नावातच ते आहे.

आता घरचं सांगते. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. मुलगा गुणी. रात्री जेवण नको म्हणायचा, तेव्हा आम्हाला कौतुक वाटायचं. दोन वर्षांपूर्वी आयपीएलच्या दिवसांत खोलीवरच्या मुलांनी त्याला एक ॲप दाखवलं. कुठलं, ते इथे महत्त्वाचं नाही. पहिल्या आठवड्यात चार हजार मिळाले. त्या पैशांत त्याने आईसाठी साडी घेतली. बहिणीने ती सगळ्यांना दाखवली, 'लेकाने कमावून घेतली' म्हणून. मलाही दाखवली. मीही कौतुक केलं.

पुढच्या सत्राची फी भरली गेली नाही, हे कॉलेजच्या फोनवरून कळलं. मग दाजींनी त्याचं बँक खातं बघितलं. फी गेली होती. मित्रांकडून घेतलेले गेले होते. झटपट कर्ज देणाऱ्या तीन ठिकाणांहून उचललेले पैसे गेले होते आणि वसुलीवाले नातेवाइकांना फोन करायला लागले होते. बहिणीने आईने दिलेल्या पाटल्या मोडल्या. त्या दिवशी ती माझ्यासमोर बसून म्हणाली, 'अक्का, पोरगा दारू प्यायला असता तर वास तरी आला असता गं. ह्याचा मला वाससुद्धा आला नाही.'

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. आपण आया पोरांच्या तोंडाचा वास घेतो, खिसे तपासतो, मित्र कोण आहेत ते बघतो. कांदा-लसूण खाल्लं का, ते विचारतो. पण पोरगा शेजारी बसून मोबाइलवर घर हरत असेल तर आपल्याला कळतही नाही. आपल्या शास्त्रात सप्तव्यसनं सांगितली आहेत आणि त्यात पहिलं नाव जुगाराचं आहे. मांसाच्याही आधी, दारूच्याही आधी. लहानपणी पाठशाळेत घोकताना हा क्रम मला विचित्र वाटायचा. बहिणीच्या घरी बसले तेव्हा कळला. बाकीची व्यसनं करायला पैसे लागतात आणि कधीतरी शरीर थकतं. जुगाराला थकवा नाही. हरला तर परत मिळवायला खेळतो, जिंकला तर आणखी मिळवायला. खोटं बोलणं, चोरी करणं, गहाण टाकणं हे सगळं मागोमाग येतं.

पाठशाळेत आपल्याला जुगाराचं उदाहरण म्हणून युधिष्ठिराची गोष्ट सांगतात. धर्मराज असूनही राज्य हरला, भाऊ हरला, द्रौपदीला पणाला लावलं. पण आपण नेहमी खेळणाऱ्यालाच नावं ठेवतो. ज्यांनी तो डाव मांडला, आमंत्रण दिलं, फासे तयार ठेवले, त्यांना कुणी 'कर्तृत्ववान' म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

आता खेळात घातलेल्या पैशाकडे येते, कारण पोस्टमध्ये त्याचंही फार कौतुक होतं. 'गावच्या फुटबॉल संघाला संजीवनी दिली.' हेही खरं आहे. स्टोक सिटी हा इंग्लंडमधल्या अगदी जुन्या क्लबांपैकी एक. २००६ मध्ये कोट्स कुटुंबाने तो पुन्हा आपल्या ताब्यात घेतला. २००८ मध्ये संघ प्रीमियर लीगमध्ये गेला. २०११ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. सलग दहा हंगाम वरच्या लीगमध्ये राहून २०१८ मध्ये खाली आला. पैसा कुठला? सट्ट्याचा. खेळाडूंच्या छातीवर नाव कुणाचं? सट्ट्याच्या कंपनीचं. २०१६ पासून स्टेडियमलाही तेच नाव.

याकडे आईच्या नजरेने बघा. इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या मापाच्या जर्सीवर सट्ट्याच्या कंपनीचं नाव छापायचं नाही, असा नियम या धंद्याने स्वतःच करून घेतला आहे. का केला असेल? मुलांसाठी हे वाईट आहे, हे त्यांनाही माहीत आहे म्हणून. पण तो मुलगा बाबांचा हात धरून ज्या मैदानात जातो त्याच्या दारावर तेच नाव आहे. ज्या खेळाडूला तो देव मानतो, त्याच्या छातीवरही बरीच वर्षं तेच होतं. पोराच्या जर्सीवरून काढलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर सगळीकडे लावलं. फुटबॉल हे तिथल्या कष्टकरी माणसाचं प्रेम. त्या प्रेमाच्या आडून धंदा त्याच्या घरात शिरला. शेवटी तिथल्या लोकांनाच ते सहन होईना. एप्रिल २०२३ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी मिळून ठरवलं की २०२५–२६ चा हंगाम संपल्यावर शर्टाच्या पुढच्या बाजूला जुगार कंपन्यांची नावं नसतील.

आपल्याकडे वेगळं काय झालं? पैसे लावून खेळायच्या ॲपचं नाव आपल्या देशाच्या संघाच्या शर्टावर आलं. आवडते खेळाडू जाहिरातींमध्ये येऊन हसले. तळाला बारीक अक्षरांत आणि घाईघाईने म्हटलेल्या एका ओळीत 'सवय लागू शकते' असा इशारा. बहिणीच्या मुलाला कुणी अंधाऱ्या गल्लीत नेऊन जुगार शिकवला नाही. घरच्या टीव्हीवर, आई-बाबांच्या शेजारी बसून तो शिकला.

आता तुमच्या आक्षेपांकडे येते.

पहिला आक्षेप, त्यांच्या देशात हे कायदेशीर आहे, त्या कर भरतात. बरोबर. हे कुटुंब ब्रिटनमधल्या सर्वांत मोठ्या करदात्यांमध्ये गणलं गेलं आहे. आपल्याकडचे पैसेवाले बाहेर पैसा लपवतात, त्यांच्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. पण कायदेशीर आणि योग्य या दोन गोष्टी आहेत. आपल्या देशात मांसविक्री कायदेशीर आहे, दारूचा परवाना सरकारच देतं. म्हणून आपण ते धंदे करतो का? श्रावकाने कोणते व्यवसाय करू नयेत, याच्या याद्या आपल्या आचार्यांनी केल्या, तेव्हा राजाच्या कायद्याची वाट बघितली नव्हती. आणि कायद्याचंच ऐकायचं असेल तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच, मुंबई राज्यातल्या बक्षीस-कोड्यांच्या खटल्यात सांगितलं आहे की जुगार हा व्यापार म्हणवून घेण्याच्या लायकीचा नाही. व्यापाराचं संविधानातलं संरक्षण त्याला मिळणार नाही.

दुसरा आक्षेप, त्या हजारो लोकांना रोजगार देतात. हेही खरं. स्टोक हे चिनी मातीच्या भांड्यांचं जगप्रसिद्ध गाव. कारखाने बंद पडत गेले, कोळशाच्या खाणी बंद झाल्या. तिथे या कंपनीने हजारो पगार दिले. नोकरी करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, पोट सगळ्यांना आहे. पण याच स्टोकमध्ये आणखी काय उघडलं, ते पोस्टमध्ये लिहिलेलं नव्हतं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने २०२२ मध्ये जुगाराच्या आहारी गेलेल्यांसाठी नवीन उपचार केंद्रं जाहीर केली. त्यातलं एक स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये. एका गावात कारखाना आणि त्याच गावात त्याच्या मालाने आजारी पडणाऱ्यांचा दवाखाना.

तिसरा आक्षेप, त्या दानधर्म फार करतात. करतात. त्यांच्या नावाचा न्यास आहे. कोरोनात २०२० मध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयांच्या कर्मचाऱ्यांसाठी त्यांनी एक कोटी पौंड दिले. ज्यांना मिळाले त्यांचं भलं झालं. पण त्याच आरोग्यसेवेने २०२२ मध्ये ठरवलं की जुगाराच्या रुग्णांवरील उपचारांसाठी या उद्योगातून येणारा पैसा यापुढे घ्यायचा नाही. कारण रुग्णांनाच ते नकोसं वाटत होतं आणि डॉक्टरांनाही त्यात गैर वाटत होतं. हे वाचून मला लाज वाटली. परदेशातला दवाखाना म्हणतो, ज्याने जखम केली त्याच्याकडून मलमाचे पैसे नकोत. आणि आपण? पंचकल्याणकाची बोली लागते तेव्हा पैसा कुठून आला, हे आपण विचारतो का? पुकारा जितका मोठा तितकी टाळी मोठी. न्यायाने मिळवलेलं धन हा श्रावकाचा पहिला गुण, आणि तोच विचारायचा आपल्याला संकोच वाटतो.

चौथा आक्षेप, कुणी जबरदस्ती करत नाही, ज्याची त्याची अक्कल. हे म्हणणं सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत निष्ठुर आहे. आपल्या बारा व्रतांमध्ये अनर्थदंडव्रत आहे. त्यात हिंसादान सांगितलं आहे. विष, शस्त्र, अग्नी अशा घातक वस्तू दुसऱ्याच्या हाती देणं. देणाऱ्याने स्वतः कुणाला मारलेलं नसतं. तरी दोष सांगितला आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातात रात्री दोन वाजता काय द्यायचं, हे शेकडो हुशार माणसं पगार घेऊन ठरवत असतील, तर 'ज्याची त्याची अक्कल' कशी? एका बाजूला संगणकांची फौज आणि दुसऱ्या बाजूला एकटा जागा असलेला पोरगा. २०२४ मध्ये ब्रिटनच्या जुगार आयोगाने याच कंपनीकडून सुमारे पाच लाख ब्याऐंशी हजार पौंडांचा दंड वसूल केला. ग्राहकांना जपण्याच्या आणि काळा पैसा रोखण्याच्या व्यवस्थेत त्रुटी आढळल्या म्हणून. बाईंचा २०२२–२३ चा पगार सुमारे २२ कोटी १० लाख पौंड होता. भागाकार करून बघा. दंड म्हणजे त्यांचा एका दिवसाचा पगारही नव्हे.

आणि शेवटचा आक्षेप, जो मला सर्वांत जास्त लागला. 'आपण कुठे खेळतो? नुसता तक्ता तर करायचा आहे. टाळी वाजवायला काय जातं?'

मैत्रिणींनो, रोज सकाळी आपण जपमाळ हातात घेतो. मणी १०८ का, ते आठवा. पापाचा विचार करणं, त्याची तयारी करणं आणि ते सुरू करणं, हे तीन. मनाने, वाणीने, कायेने, हे तीन. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला अनुमोदन देणं, हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, एकशे आठ. म्हणजे कर्म आत यायची एकशे आठ दारं. त्यातली छत्तीस दारं निव्वळ अनुमोदनाची आहेत. माळेचा तिसरा हिस्सा. आपण काहीही केलेलं नाही, फक्त 'वा, छान' म्हटलं, त्यासाठी छत्तीस मणी. टाळी वाजवायला काय जातं, याचं उत्तर रोज आपल्या बोटांखालून सरकतं.

आता थोडं आपल्या घराकडे. नाहीतर म्हणाल, काकू लांबच्या बाईला बोलतात आणि इथे गप्प बसतात.

दिवाळी हा महावीर भगवंतांचा निर्वाणदिन. पहाटे आपण निर्वाणलाडू चढवतो आणि त्याच रात्री आपल्यातल्या किती घरांत पत्ते पिसले जातात? 'शकुनाचे असतात, लहान रकमेचे असतात.' पोरं शेजारी बसून बघतात. पहिला धडा तिथेच मिळतो, आणि तो आपल्याच सतरंजीवर.

दुसरं, शेअर बाजारातले फ्युचर्स आणि ऑप्शन्स. चांगल्या कंपनीत पैसे गुंतवून वर्षानुवर्षं ठेवणं वेगळं आणि संध्याकाळच्या आत दामदुप्पट करायला बसणं वेगळं. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी नऊहून अधिक जणांचं नुकसान झालं आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. 'आमचे हे ट्रेडिंग करतात' असं आपण अभिमानाने सांगतो. एकदा चहा देताना हळूच विचारा, वर्षाचा हिशोब काय?

तिसरं, कायदा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. संघाच्या शर्टावरचं नावही गेलं. चांगलं झालं. पण कायद्याने दुकान बंद होतं, चटक सुटत नाही. परदेशी ॲप आडमार्गाने चालूच आहेत. आणि उद्या दुसरं कुणी दुसऱ्या गोंडस नावाने तेच घेऊन येईल. तेव्हा पोरगा आपल्याला विचारेल, 'आई, तुमच्या मंडळाने तर त्या बाईंचा तक्ता लावला होता ना?' काय उत्तर देणार आहोत?

मग तक्ता कुणाचा करायचा? नावं कमी आहेत का? शेठ माणिकचंद हिराचंदांची मुलगी मगनबाई. तरुण वयात विधवा झाल्या. त्या काळात कोपऱ्यात बसून आयुष्य काढायचं सोडून त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम उभा केला, आपल्यासारख्या बायकांना अक्षर आणि पायावर उभं राहणं दिलं. सोलापूरच्या पंडिता सुमतीबाई शहा, ज्यांनी सारं आयुष्य मुलींच्या शिक्षणाला दिलं. यांच्यापैकी कुणाच्याही यशासाठी कुणाच्या आईला पाटल्या मोडाव्या लागल्या नाहीत. माझी कर्तृत्वाची कसोटी एवढीच आहे. एका बाईच्या वर जाण्याने दुसऱ्या बाईचं घर खाली जात असेल, तर ती नारीशक्ती मला नको.

डेनिसबाईंबद्दल माझ्या मनात द्वेष नाही. त्यांना ना आपलं शास्त्र माहीत, ना त्यांनी आपल्याकडे टाळी मागितली. त्यांचं कर्म त्यांच्यापाशी. आपण टाळी द्यायची की नाही, हे मात्र आपल्या हातात आहे.

या दशलक्षणात तीन गोष्टी करूया. उत्तम शौचाच्या दिवशी, म्हणजे लोभ सोडायच्या दिवशी, घरातल्या मुलांना नाणेफेकीचा तो हिशोब कागदावर करून दाखवूया. दिवाळीला पत्त्यांची पिशवी काढायची नाही, हे आताच ठरवूया. आणि पोरगा जाळ्यात सापडलाच तर त्याला मारझोड नको, लपवाछपवी नको. बहिणीने लाजेपोटी चार महिने कुणाला सांगितलं नाही, तेवढ्या दिवसांत कर्ज दुप्पट झालं. आधी मला सांगितलं असतं तर निदान एक पाटली वाचली असती. आता मुलगा सावरतो आहे. साधा फोन वापरतो, पगारातून दर महिन्याला आईला पैसे देतो. आईने अजून पाटल्या केलेल्या नाहीत. हात मोकळेच बरे, म्हणते.

ज्या वहिनी रंगीत प्रिंट काढणार होत्या, त्यांना माझी विनंती आहे. प्रिंट नक्की काढा. मगनबाईंचा फोटो मी पाठवते. माझ्या बोलण्याने कुणी दुखावलं असेल तर क्षमावाणीची वाट न बघता आजच क्षमा मागते. पण मत बदलणार नाही.

जय जिनेंद्र.